हॅवलॉकला स्कूबा कोर्स केला त्याचा रिव्ह्यू, आणि एका बोटाएवढ्या माशासमोरची अठरा मिनिटं

आधीच सांगते, हे लांबलंय. ज्यांना फक्त रेटिंग हवंय त्यांच्यासाठी पाचपैकी साडेचार, अर्धा कापलाय तो मास्क आणि कपडे बदलायच्या खोलीसाठी, ते खाली येईलच. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, कारण मला सेंटरपेक्षा एका माशाबद्दल जास्त बोलायचंय, आणि तो मासा त्यांनी ज्या पद्धतीनं दाखवला त्याच्यासाठीच मी हे लिहायला बसलेय.

मी सांगलीला ज्युनिअर कॉलेजवर बायॉलॉजी शिकवते, बावीस वर्षं झाली. दोन जीव एकमेकांच्या फायद्यानं राहतात तो भाग दरवर्षी शिकवायचा, फळ्यावर अधिक-अधिक अशी दोन चिन्हं काढायची, क्लाउनफिश आणि सी ॲनिमोन, लायकेन, झालं, पुढचा टॉपिक. समुद्रात ते प्रत्यक्ष कसं चालतं हे मी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एकीकडे, नाव घेत नाही, टुरिस्टवाला स्कूबा केला होता. तिथे आम्हाला पाठीवरच्या सिलिंडरला धरून दहा मिनिटं इकडून तिकडे फिरवलं, व्हिडिओत मासे यावेत म्हणून ब्रेडचा चुरा सोडला, आणि फोटोसाठी चक्क प्रवाळावर उभं राहायला सांगितलं. वर आल्यावर माझी मुलगी म्हणाली, आई, हे बरोबर नव्हतं ना गं. तेव्हाच ठरवलं की परत करायचं तर नीट शिकून करायचं, स्वतः तरंगता येईल इतपत.

म्हणून यावेळी मी आणि मुलगी (सतरा वर्षांची) दोघींनी अंदमानात हॅवलॉकला ओपन वॉटर कोर्स (स्कूबा शिकायचा पहिला, सर्टिफिकेटवाला) केला. हॅवलॉकचं नाव 2018 पासून स्वराज द्वीप झालंय आणि पोर्ट ब्लेअरचं 2024 पासून श्री विजयपुरम, पण जेट्टीवर, रिक्षात, हॉटेलात सगळे जुनीच नावं घेतात, त्यामुळे मीही तीच लिहिते. डिसेंबरात मेसेज केला, फेब्रुवारीत गेलो. पहिल्याच मेसेजला उत्तर म्हणून मेडिकल फॉर्म आला, दमा आहे का, सायनसचा त्रास, कानाचं ऑपरेशन, बीपीची गोळी, सगळं विचारलेलं. आमच्या ह्यांना बीपीची गोळी चालू आहे, ते म्हणाले लिहू नको, काय होतंय. मी लिहिलं. सेंटरनं सरळ सांगितलं की डॉक्टरचं पत्र आणा नाहीतर पाण्याखाली नेणार नाही, स्नॉर्कलिंग करा. गिऱ्हाईक जातंय म्हणून काणाडोळा केला नाही, तिथेच माझा विश्वास बसला.

कोर्सचे चार दिवस पटकन सांगते कारण ते सगळीकडे साधारण सारखेच असणार. थिअरी घरूनच मोबाईलवर करून जायची, मग दोनशे मीटर पोहून दाखवायचं, दहा मिनिटं काही न धरता तरंगायचं, मग उथळ पाण्यात मास्कमध्ये पाणी भरून ते नाकानं फुंकून काढायचं (हे मला सगळ्यात जड गेलं, पहिल्या दिवशी तीनदा वर आले), तोंडातून रेग्युलेटर (ज्यातून सिलिंडरची हवा घेतो तो) सुटला तर शोधून परत लावायचा, हवा संपली तर दुसऱ्याची घ्यायची. मग समुद्रात चार डाइव्ह, पहिल्या दोन 12 मीटरपर्यंत, नंतर 18 पर्यंत. एका इन्स्ट्रक्टरमागे आम्ही तिघंच, मी, मुलगी आणि बंगळूरचा एक मुलगा. घाई अजिबात नाही. मास्कचं जमेना तेव्हा त्यांनी मला संध्याकाळी एकटीला पुन्हा पाण्यात नेलं आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. कोर्सला माणशी तीस हजाराच्या आतबाहेर गेले, पुस्तक-सर्टिफिकेट-बोट सगळं धरून.

पण सगळ्यात जास्त वेळ त्यांनी घेतला तो तरंगण्यावर. तळापासून हातभर वर, हात छातीशी, पाय न हलवता, नुसत्या श्वासावर वरखाली होत एका जागी राहायचं. एक अख्खा दिवस हेच. तेव्हा मला वाटलं जरा जास्तच करतायत. पाचव्या दिवशी कळलं कशासाठी.

पाचव्या दिवशी आम्ही एक जास्तीची डाइव्ह घेतली, कोर्सबाहेरची, नुसती बघायला. आमचा इन्स्ट्रक्टर तारकर्लीकडचा, माझं मराठी ऐकल्यापासून मॅडमची ताई झाले होते. बोटीवर त्यानं विचारलं, ताई, काय बघूचा आसा, सगळे कासव म्हणतत. मी म्हटलं मला काही शोधत फिरायचं नाहीये, मला एका जागी थांबून बघायचंय काय चालतं ते. तो हसला आणि म्हणाला, मगे तुमका डॉक्टर दाखवतंय. आणि मग बोटीवरच त्यानं स्लेटवर एक मासा काढला, लांबट, तोंडापासून शेपटीपर्यंत एक काळा पट्टा, आणि पंधरा मिनिटं त्याच्याबद्दल बोलत होता. त्याचं शेवटचं वाक्य होतं, जवळ जाव नकात, हालू नकात, नुसते बघत रवा.

मासा म्हणजे क्लीनर रॅस. शास्त्रीय नाव लॅब्रॉइडीस डायमिडिएटस. तांबड्या समुद्रापासून आणि पूर्व आफ्रिकेपासून थेट पॅसिफिकपर्यंत जिथे जिथे प्रवाळ आहे तिथे बहुतेक ठिकाणी हा सापडतो. जास्तीत जास्त 14 सेंटिमीटर वाढतो, आम्ही पाहिलेले माझ्या मधल्या बोटाएवढे होते. अंग निळसर पांढरं, आणि तो काळा पट्टा डोळ्यातून जाऊन शेपटीकडे रुंद होत जातो. एकदा ओळखला की पुन्हा चुकत नाही.

खाली उतरलो तर साधारण 11 मीटरवर वाळूत एक मोठा गोल प्रवाळाचा खडक, छोटा हत्ती टेम्पो असतो ना तेवढा. पाणी 29 अंश, स्वच्छ, लांबपर्यंत दिसत होतं. खडकाच्या एका बाजूला खाच, आणि त्या खाचेसमोर ते दोन मासे वरखाली करत नाचत होते, शेपटीचा भाग उचलत, लहान मूल उड्या मारतं तसं. हा नाच म्हणजे त्यांची पाटी, दुकान उघडं आहे. ती जागा ठरलेली असते, तिला क्लीनिंग स्टेशन म्हणतात. गिऱ्हाइकांना पत्ता माहीत असतो, ती चालत, म्हणजे पोहत, तिथे येतात.

आम्ही तीन-चार मीटर लांब, शिकवल्याप्रमाणे हात छातीशी घेऊन तरंगत राहिलो. पहिली दोन मिनिटं काहीच झालं नाही, मला वाटलं आपल्यामुळे बिचकले असणार. मग एक पॅरटफिश आला, चांगला फूटभराचा, हिरवा-गुलाबी, आणि त्या खाचेसमोर येऊन डोकं वर शेपूट खाली करून उभाच राहिला. म्हणजे अक्षरशः उभा, सगळे पंख पसरून, जसं न्हाव्यासमोर मान वर करून डोळे मिटून बसतात तसा. आणि तो बोटाएवढा मासा त्याच्या अंगावरून तोंडाने टिपत टिपत गेला, गालावर, पंखाखाली, मग त्यानं कल्ला उघडला तर सरळ कल्ल्याच्या आत. मी श्वास रोखला, जो स्कूबात कधीच रोखायचा नसतो, इन्स्ट्रक्टरनं लगेच खूण केली, श्वास घे.

तो टिपत काय असतो, तर ग्नाथिड नावाचे किडे. एखाद-दोन मिलिमीटरचे, खेकडा-कोळंबीच्याच मोठ्या खानदानातले, त्यांची पिल्लं माशांना चिकटून रक्त पितात, आपल्याकडे गुरांना गोचीड लागते तसंच. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवरच्या लिझर्ड आयलंडला लेक्सा ग्रटर यांनी या माशाचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय, त्यांच्या 1996 च्या मोजणीत एक क्लीनर दिवसाला सरासरी 1,200 च्या आसपास परोपजीवी खातो आणि दिवसात 2,000 च्या वर वेळा माशांना तपासतो असं आलं. बोटाएवढा जीव, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत ही ओपीडी. रात्री तो खाचेत शिरून स्वतःभोवती चिकट पातळ आवरण तयार करून त्यात झोपतो.

पॅरटफिश झाल्यावर एक स्वीटलिप्स आला, मग निळ्या-पिवळ्या फ्यूजिलिअरचा अख्खा थवा आला आणि त्यातले दोन-तीन थांबले, बाकीचे घिरट्या घालत राहिले. एक काळपट सर्जनफिश लांबूनच बघत होता, त्याचा नंबर लागेना. आणि मग जे आलं त्यासाठी मी पुन्हा तेवढे पैसे देईन. एक ग्रूपर, आपल्याकडे कोकणात हेकरू म्हणतात त्या जातकुळीतला, तीन-चार किलोचा तरी असेल. हा मासे खाणारा मासा आहे, लहान मासे हेच त्याचं जेवण. तो खाचेसमोर आला, थांबला, आणि जबडा पूर्ण उघडला. आणि क्लीनर त्याच्या तोंडात गेला. आत. शेपूट तेवढी बाहेर दिसत होती. कल्ल्यातून बाहेर आला, परत तोंडात गेला. साधारण मिनिटभर हे चाललं, मग ग्रूपरनं अंग थोडं हलवलं, तोंड अर्धवट मिटून पुन्हा उघडलं, जणू सांगतोय बाबा निघ आता मला जायचंय, क्लीनर बाहेर आला आणि ग्रूपर गेला. माझी मुलगी शेजारी तरंगत होती, तिनं माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

आता जे मी बावीस वर्षं फळ्यावर अधिक-अधिक लिहीत आलेय ते तितकं सरळ नाही, आणि हे मला त्या डाइव्हनंतर वाचून कळलं. या माशाला किड्यांपेक्षा जास्त आवडतो तो माशांच्या अंगावरचा चिकट थर. पॅरटफिशचा तर फारच. तो थर माशाला स्वतःसाठी हवा असतो, त्याला ओरबाडलं की नुकसान. म्हणजे क्लीनरला प्रत्येक गिऱ्हाइकासमोर मोह असतोच, किडा खाऊ की जरा चावा घेऊ. आणि तो कधीकधी चावा घेतो. हे आम्ही पाहिलं, पॅरटफिश एकदम दचकला, अंगाला झटका दिल्यासारखा, तेव्हा मला कळलं नाही का, वर आल्यावर इन्स्ट्रक्टर म्हणाला चावलो तेका. असे झटके मोजूनच संशोधक ठरवतात की क्लीनर किती वेळा लबाडी करतो.

मग त्याला लायनीत कोण ठेवतं? तर गिऱ्हाईकच. रेडौन ब्शारी नावाचे शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी इजिप्तमध्ये तांबड्या समुद्रात रास मोहम्मदला हे बसून बसून पाहिलं. काही मासे त्या खडकाच्या आसपासचेच, त्यांची हद्द लहान, त्यांना दुसरं दुकान उपलब्धच नाही. काही मासे लांबून येणारे, त्यांच्या रस्त्यात दोन-तीन दुकानं असतात. आणि क्लीनर लांबून आलेल्याला आधी घेतो, कारण त्याला थांबवलं तर तो पुढच्या दुकानात जाईल, चावलं तर पुन्हा येणार नाही. घरचं गिऱ्हाईक थांबेलच. तो सर्जनफिश का तिष्ठत होता ते मला हे वाचल्यावर लक्षात आलं, निदान मला तरी तसं वाटतं. घरचं गिऱ्हाईकही अगदीच गरीब नसतं, चावा बसला की ते क्लीनरच्या मागे लागतं, पळवतं. आणि मासे खाणाऱ्या गिऱ्हाइकाला तो फसवायला फारसा जात नाही, उलट त्याच्या पाठीवर पंखांनी हलकं हलकं थोपटत राहतो. ते थोपटणं आम्ही ग्रूपरच्या बाबतीत स्पष्ट पाहिलं, तोंडात जायच्या आधी. या थोपटण्यानं गिऱ्हाइकाच्या अंगातला ताणाचा हॉर्मोन, कॉर्टिसॉल, कमी होतो हे 2011 मध्ये मार्टा सोआरिश आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, तेही गंमत म्हणजे खऱ्या माशानं नाही तर हलणाऱ्या नकली क्लीनरनं सर्जनफिशला थोपटून. स्पर्शानंच बरं वाटतं, माशालाही. मला हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

अजून एक. पुढचं गिऱ्हाईक बघत असताना क्लीनर जास्त नीट काम करतो. 2006 मध्ये ब्शारी आणि ग्रटर यांनी हे प्रयोगातून दाखवलंय. म्हणजे रांगेत उभा असलेला मासा नुसता उभा नसतो, तो बघत असतो की आधीच्याचं काय झालं.

ते दोन होते ते नर-मादी असावेत असं इन्स्ट्रक्टर म्हणाला, मोठा तो नर. एका नराच्या हद्दीत अनेक माद्या असतात, आणि जोडीनं काम करताना मादीनं गिऱ्हाइकाला चावा घेतला तर नर तिच्या मागे लागतो, कारण गिऱ्हाईक पळालं तर त्याचंही जेवण जातं. आणि आता खरी गोष्ट. सगळेजण जन्मतः मादीच असतात. नर मेला की त्यातली सगळ्यात मोठी मादी नर होते. हे 1972 मध्ये रॉस रॉबर्टसन यांनी हेरॉन आयलंडवरून प्रसिद्ध केलं, नर काढून घेतल्यावर दीड-दोन तासांत ती मादी नरासारखी वागायला लागते, बाकीच्यांवर रुबाब करायला लागते, आणि दोन-अडीच आठवड्यांत तिच्या शरीरात शुक्राणू तयार होतात. दीड-दोन तास! मी हे या वर्षी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे झुकली होती.

आरशाचं पण सांगते कारण ते मला सगळ्यात जास्त लागलं. जपानमध्ये मासानोरी कोहदा आणि त्यांच्या टीमनं 2019 मध्ये या माशाला आरसा दाखवला. गळ्यावर, जिथे त्याला स्वतःला दिसत नाही तिथे, किड्यासारखा दिसणारा तपकिरी ठिपका लावला. आरशात बघितल्यावर चारातले तीन मासे खाली जाऊन आपला गळा वाळूवर, दगडावर घासायला लागले. आरसा नसेल तर घासत नव्हते. यावरून त्यांना स्वतःची ओळख आहे की नाही यावर शास्त्रज्ञांत वाद आहे आणि वाद असायलाच हवा, पण ज्याला आपण फिश टँकमधला शोभेचा मासा म्हणतो त्याच्याबद्दल हा प्रश्न तरी विचारावा लागतोय.

डाइव्हच्या शेवटाकडे खाचेच्या तळाशी एक अगदी बारका दिसला, सुईएवढा म्हणा, सगळा काळा आणि पाठीवर झगझगीत निळी रेघ. ते त्याचंच पिल्लू. रंग इतका वेगळा की मी दुसराच मासा समजले असते, इन्स्ट्रक्टरनं स्लेटवर लिहून दाखवलं, हेंचाच. ते पिल्लूसुद्धा एका छोट्या डॅमसेलफिशला टिपत होतं. अंडी पाण्यात मोकळी सोडलेली असतात, पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत येतात आणि कुठल्यातरी खडकावर टिकतात, म्हणजे ते या दोघांचंच असेल असं नाही. तरी बसल्या बसल्या धंदा शिकलेलं.

वर आल्यावर इन्स्ट्रक्टरनं अजून एक गोष्ट सांगितली. याच्यासारखाच दिसणारा एक तोतया असतो, दातवाला ब्लेनी, ॲस्पिडॉन्टस टीनिएटस. तसाच पट्टा, तसाच नाच करतो, आणि मासा विश्वासानं जवळ आला की कधीकधी पंखाचा तुकडा तोडून पळतो. ओळखायचं तोंडावरून, क्लीनरचं तोंड अगदी पुढच्या टोकाला असतं, तोतयाचं खालच्या बाजूला आणि वर नाक पुढे आलेलं. आमचे दोन्ही खरे होते. मी फोटो मोठा करून तोंड बघून खात्री केली.

खडकासमोर आम्ही अठरा मिनिटं होतो, डाइव्ह कॉम्प्युटरवर मुलीनं पाहिलं. त्या अठरा मिनिटांत दुसऱ्या एका सेंटरचे दोन ग्रुप आमच्या मागून गेले, एकामागोमाग एक, कॅमेरा पुढे धरून, त्यातल्या एकाचे फिन्स वाळूत आपटून धुरळा उडाला आणि मासे दोन मिनिटं खाचेत गेले. त्यांनी बहुतेक जास्त मासे पाहिले असतील. पण थांबल्याशिवाय हे दिसत नाही, आणि थांबायला तरंगता यावं लागतं, आणि तरंगायला शिकवायला दिवस घालवणारं सेंटर लागतं. मी या लोकांना साडेचार देतेय ते यासाठी.

आमचा इन्स्ट्रक्टर पाण्यात एकदाही कशाला हात लावत नाही. ब्रेड नाही, बिस्किट नाही. मुलीनं वाळूतला मेलेला प्रवाळाचा तुकडा उचलला तर खाली ठेवायला लावला, वर आल्यावर समजावलं की प्रवाळ आपल्याकडे कायद्यानं वाघाइतकाच संरक्षित आहे, मेलेला तुकडासुद्धा न्यायचा नाही, एअरपोर्टला बॅगेत सापडला तर गुन्हा. हे सगळ्या हॉटेलांनी लिहून लावायला पाहिजे.

आणि खडकाचं सगळं छान होतं असं नाही. अर्धी बाजू पांढरट करडी, शेवाळ चढलेली. अंदमानात 2010 साली समुद्र तापून मोठं ब्लीचिंग झालं, 2016 ला पुन्हा, प्रवाळाच्या आत राहून त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शेवाळ निघून जातं आणि तो पांढरा पडून उपाशी मरतो. याचा फटका या माशालाही बसतो. लिझर्ड आयलंडला चक्रीवादळं आणि 2016 च्या तापमानानंतर क्लीनर रॅसची संख्या सुमारे 80 टक्क्यांनी घटली, आणि जे उरले ते आधीसारखे हुशारही राहिले नाहीत, गिऱ्हाईक बघून वागायची जी अक्कल वर सांगितली त्या चाचण्यांत ते मागे पडले. गर्दीच नाही तर शिकणार कुणाकडून. आणि मासाच काढला तर काय होतं तेही तिथेच तपासलंय, काही खडकांवरून साडेआठ वर्षं क्लीनर सतत काढत राहिले, 2011 मध्ये निकाल आला, तिथे राहणाऱ्या माशांची संख्या 37 टक्के कमी आणि जाती 23 टक्के कमी. बोटाएवढ्या माशामुळे.

म्हणून इथेच एक विनंती, घरी मरीन टँक असलेल्यांना. हा मासा दुकानात मिळतो, स्वस्तात मिळतो, आणि टँकमधले मासे स्वच्छ ठेवेल म्हणून विकतात. तो समुद्रातून पकडून आणलेला असतो. दिवसाला हजारभर किडे खाणाऱ्याला चार माशांच्या टँकमध्ये काय मिळणार, बरेचसे खंगून मरतात. क्लाउनफिश घ्या, ते आपल्या देशात हॅचरीत पैदास केलेले मिळतात. याला त्याच्या खडकावर राहू दे.

आता तक्रारी. मास्क जुने आहेत, रबर कडक झालंय, माझ्या मास्कमधून पहिले दोन दिवस पाणी येत होतं, तिसऱ्या दिवशी मागून बदलून घेतला, तो आधीच द्यायला हवा होता. शक्य असेल तर मास्क स्वतःचा न्या. बायकांना कपडे बदलायला एकच खोली, कडी नीट लागत नाही, आत दिवा नाही. एवढे पैसे घेता तर ही कडी बसवाच, मी तिथे तोंडी पण सांगितलंय. नेटवर्क जातं येतं त्यामुळे ऑनलाइन पेमेंट दोनदा अडकलं, रोख जवळ ठेवा. बोटीवर डाइव्हनंतर चहा आणि बिस्किटं मिळतात, सकाळी साडेसहाला निघायचं असतं तर पोटात काहीतरी हलकं घालून जा. बोट लागत असेल तर गोळीबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. आमचे हे स्नॉर्कल करायला त्याच बोटीवर होते, त्यांच्याकडेही एका मुलानं पूर्ण वेळ लक्ष दिलं, वरून त्यांना कासव दिसलं, आम्हाला नाही दिसलं, ते अजून सांगतायत सगळ्यांना.

आणि शेवटच्या डाइव्हनंतर निदान 18 तास विमानात बसायचं नाही, हे लक्षात ठेवून तिकीट काढा. आम्ही एक दिवस जास्त ठेवला होता, राधानगर बीचवर काढला.

सकाळची पहिली बोट मागा, मागचे ग्रुप यायच्या आत तासभर मिळतो. आणि बुकिंग करतानाच सांगा की आम्हाला क्लीनिंग स्टेशनवर थांबायचंय, निदान पंधरा मिनिटं. शब्द हाच वापरा, त्यांना कळतो. अगदी शेवटी, वर निघायच्या आधी, इन्स्ट्रक्टरनं मला हात हळूच पुढे करायला सांगितला, बोटं सरळ, हलवायची नाहीत. मोठा होता तो खाचेतून आला, माझ्या अंगठ्याजवळ थांबला, नखाच्या कडेला सुटलेली कातडी होती तिथे दोनदा टिपलं, आणि परत गेला कारण मागे एक सर्जनफिश येऊन उभा होता.